अंदाज मारू नका, आधी बेरीज करा

किलर सुडोकूत सहसा एकही आकडा भरलेला नसतो. तुटक रेषांच्या चौकटींवर फक्त बेरीज दिलेली असते. नवीन माणूस इथेच अंदाज मारतो आणि शेवटी सगळं खोडतो. माझं मत स्पष्ट आहे : आधी पक्कं काय ते शोधा. दोन घरांची बेरीज 17, म्हणजे 8 आणि 9च. प्रत्येक ओळीची बेरीज 45. आठ घरांचे 38 झाले, तर नवव्यात 7च!

धंद्यातही हेच. गल्ल्यात पैसे कमी आले म्हणून मी एकदा कामावरच्या पोरावर संशय घेतला. तो सोडून गेला. नंतर बघतो तर काय, उधारीचा माल मीच रोखीत लिहिलेला! पोरगा काही परत आला नाही.

तेव्हा आज एक कोडं सोडवाच, पण अंदाज न मारता.