जादा तासाचा भाव काय?



'वरकमाई' हा शब्द आपल्याकडे चांगल्या अर्थाने वापरत नाहीत. अमक्याची वरकमाई बरी आहे म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे टेबलाखालचे पाकीट येते. 'जोडधंदा' हा शब्द मात्र मानाचा. शेतकऱ्याने दोन म्हशी पाळल्या, सुताराने सुट्टीच्या दिवशी दोन पलंग करून विकले, तर आपण त्याचे कौतुक करतो. पण नोकरदार माणूस संध्याकाळी दुसऱ्याच्या दुकानाची खातेवही लिहायला बसला, तर ती कमाई वरकमाई की जोडधंदा? याचे उत्तर आपल्या समाजाने अजून दिलेले नाही. म्हणून तो बिचारा हे काम गुपचूप करतो, आणि त्याचा फटका त्यालाच बसतो. या अंकात आम्हाला याविषयीच लिहायचे आहे.

धूलकोटातली आपली जुनी घरे घ्या. कुणी दिवसा दुकानात नोकरीला आहे आणि रात्री मुलांच्या शिकवण्या घेतो. कुणी कार्यालयातून सुटला की अर्ज भरून देतो, झेरॉक्सच्या मशीनवर उभा राहतो. लग्नसराईत कुणी गाडी चालवतो. कुणाच्या घरी शिलाई मशीन रात्री अकरापर्यंत थांबत नाही. बऱ्हाणपुरात राहायला गेलेल्या आपल्या मंडळींचीही हीच कथा आहे. पुण्याला गेलेली मुले तरी वेगळे काय करतात? तिथे याला 'मूनलाइटिंग' असे गोंडस नाव आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रो कंपनीने याच कारणावरून ३०० जणांना काढल्याचे सांगितले, तेव्हा देशभर चर्चा झाली. गावातल्या कारकुनाच्या वाट्याला ना गोंडस नाव आले, ना चर्चा.

एके काळी एका पगारात घर चालत असे. ताप्ती मिलची किंवा नेपानगरच्या कागद कारखान्याची नोकरी म्हणजे मुलीच्या लग्नापर्यंतची बेगमी. पण नेपाचे उत्पादन २०१६ मध्ये थांबले ते २०२२ मध्ये सुरू झाले. ताप्ती मिल मार्च २०२० च्या टाळेबंदीत बंद पडली. मोठ्या पगाराचे खांब असे डळमळले की त्यांच्या आधाराने चालणारी दुकाने, वाहतूक, छोट्या नोकऱ्या सगळेच हलते. शाळेची फी, दवाखाना, मोबाइल आणि गाडीचे हप्ते मात्र कुणासाठी थांबत नाहीत. अशा वेळी माणूस संध्याकाळ विकायला काढतो. त्यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही. प्रश्न एवढाच की तो ती काय भावाने विकतो.

आम्ही पडलो हिशेबाची माणसे, म्हणून साधा हिशेब मांडतो. समजा, एकाला महिना १०,४०० रुपये पगार आहे. रोजचे ८ तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे २०८ तास. तासाला बरोबर ५० रुपये पडले. हाच माणूस संध्याकाळी ३ तास एका दुकानाचा जमाखर्च लिहितो. महिन्याचे ७८ तास झाले. दुकानदार देतो २,७३० रुपये, म्हणजे तासाला ३५. जाण्यायेण्याचे पेट्रोल रोज १५ रुपये धरले तर ३९० रुपये वजा करा. उरले २,३४०, म्हणजे तासाला ३० रुपये. ताज्या अंगाने केलेल्या तासाचे ५० आणि थकल्या अंगाने केलेल्याचे ३०! घरी मात्र आनंद असतो की दोन-अडीच हजार जास्तीचे आले.

आता कायदा काय म्हणतो पाहा. १९४८ च्या कारखाना कायद्याने जादा तासाला दुप्पट मजुरी ठरवली. त्याची जागा घेणारी २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिनेही दुप्पटच ठेवली. दिवसभर एका कारखान्यात राबलेल्या माणसाला त्याच दिवशी दुसऱ्या कारखान्यात जुंपू नये, हेही जुन्या कायद्यात होते आणि नव्यातही आहे. कारण सरळ आहे. आठव्या तासानंतरचा तास झोपेतून, मुलांच्या वाट्यातून, आजारी आईबापांच्या वाट्यातून काढलेला असतो. तो महागच असला पाहिजे. संध्याकाळच्या दुसऱ्या मालकाला हा दुपटीचा नियम लागू होत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण त्यामागचे तत्त्व तर खोटे ठरत नाही ना? आपण मात्र तोच तास सर्वांत स्वस्त विकतो.

हे असे का होते? आमच्या मते मुख्य कारण लपवाछपवी. लपून काम करणारा भाव करू शकत नाही. 'साहेबांना कळले तर?' ही भीती दुकानदारालाही माहीत असते आणि तो तिचा पुरेपूर उपयोग करतो. भीती अगदीच निराधार आहे असे नाही. बँक कर्मचाऱ्यांच्या १० एप्रिल २००२ च्या करारात लेखी परवानगीवाचून व्यापारधंदा करणे हे गंभीर गैरवर्तन म्हटले आहे. राज्य सरकारी नोकरांना मध्य प्रदेश सिव्हिल सेवा (आचरण) नियम, १९६५ प्रमाणे पूर्वमंजुरी लागते. शाळेतल्या शिक्षकांना तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २८ व्या कलमाने खासगी शिकवणीची सरळ मनाई आहे. बायकोच्या नावे विमा एजन्सी घेऊन स्वतः पॉलिसी विकत हिंडणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे, की केंद्राच्या १९६४ च्या आचरण नियमांत असा प्रचारसुद्धा नियमभंग धरला आहे.

पण हे नियम नीट वाचा. शिक्षकांची गोष्ट वेगळी, तिथे दार बंदच आहे. बाकी ठिकाणी परवानगीचे दार आहे. आपण ते ठोठावतच नाही. एक साधा अर्ज, त्यावर पोचेची सही, आणि मंजुरी मिळाली की मान ताठ. नाही मिळाली तर निदान नोकरी तरी शाबूत. खासगी नोकरीत असाल तर नेमणूकपत्र काढून वाचा, त्यात काय लिहिले आहे हे अनेकांनी पाहिलेलेही नसते. आणि ही मिळकत प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवा. कर लागो न लागो, उद्या घरासाठी कर्ज मागायला गेलात की कागदावर असलेलीच कमाई उपयोगी पडते.

काही वाचक म्हणतील, घरात चूल पेटवायची तर तीस रुपये काय नि पन्नास काय, मिळेल ते घ्यावे. 'आधी पोटोबा, मग विठोबा.' हे म्हणणे आम्ही उडवून लावत नाही. अडलेल्या माणसाला तत्त्वज्ञान सांगू नये. पण आज एकाने तीस रुपयांत तास दिला की उद्या दुसऱ्याला पस्तीस मागायची सोय उरत नाही. भाव एकट्याने टिकत नाही, दहा जणांनी मिळून टिकतो. बऱ्हाणपूरचे विणकर आणि केळीचे बागायतदार हे आपल्याहून लवकर शिकले.

घरातल्या बायकांच्या कामाचा हिशेब तर याहून बिकट आहे. पापड, शेवया, शिलाई, डबे. माल त्यांचा, मेहनत त्यांची, आणि पैसे पुरुषांच्या खिशात. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत उभे राहिले. तिथे पापड लाटणारी बाई मजूर नसते, संस्थेची भागीदार असते. ही गोष्ट आपण पापडापुरती सांगतो, भागीदारीपुरती सांगत नाही. आपल्या घरच्या बायकांचे खाते त्यांच्या नावाने असावे. मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचे शिशू कर्ज तारणाशिवाय मिळते, तेही त्यांच्याच नावाने मागावे.

शिकणाऱ्या मुलांविषयीही दोन शब्द. कर्मवीर भाऊराव पाटलांनी शिकवण्या घेतल्या, किर्लोस्करांचे नांगर खपवले आणि १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. 'कमवा आणि शिका' ही त्यांचीच देणगी. त्यात कमाई शिक्षणासाठी होती. आज आपल्याकडे दहावीतला मुलगा रात्री दुकानात बसतो आणि सकाळी वर्गात पेंगतो, ही कमाई शिक्षणाच्या जिवावर उठलेली आहे. दोन्हींत गल्लत नको.

शेवटचा मुद्दा राजकारणाचा. 'नोकरीच्या वेळेबाहेर' हे शब्दच मुळी नोकरदारांचे. धूलकोटच्या आसपासचे बारेला आणि भिलाला शेजारी केळीच्या बागांत उन्हातान्हात राबतात, त्यांना कसली आली वेळ? मजुरीचा तळ वर आला तरच त्यावरचे सगळे पगार वर येतात, म्हणून त्यांचा प्रश्न तो आपलाही प्रश्न. किमान वेतनाची फेररचना पाच वर्षांच्या आत व्हावी, असे १९४८ च्या कायद्यात होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. मध्य प्रदेशात मात्र मूळ दर २०१४ नंतर बदलले ते थेट १ एप्रिल २०२४ पासून, आणि तेही लगेच न्यायालयात अडकले. दहा वर्षे तळ जागचा हलला नाही. या दहा वर्षांत किती उमेदवार आपल्या दारी आले, जातीचे, भाषेचे, देवळाच्या सभामंडपाचे बोलून गेले! यातला एक तरी प्रश्न आपण त्यांना विचारला का?

तेव्हा आमचे सांगणे थोडके आहे. आपल्या तासाचा भाव प्रत्येकाने कागदावर काढावा. त्याहून कमी पैशांत संध्याकाळ देऊ नये. परवानगी मागावी, तीही लेखी. मंडळाच्या पुढच्या बैठकीत जमाखर्च, शिकवणी, शिलाई आणि टायपिंग यांचे किमान दर सर्वांनी बसून ठरवावेत. मत मागायला येणाऱ्याला किमान वेतनाची तारीख विचारावी.

जोडधंदा जरूर करा. पण तो पगाराला जोड म्हणून असू द्या. पगार अपुरा ठेवणाऱ्याची सोय म्हणून नको.