तलवारीमागचा बैल

शिवजयंतीच्या मिरवणुकीत दांडपट्टा फिरू लागला की रस्ता आपोआप मोकळा होतो. पट्ट्याने जमिनीवरचा लिंबू कापणारी पोरे रोजगार सांभाळून, पदरमोड करून सराव करतात, आणि मर्दानी खेळाची विद्या आज जिवंत आहे ती त्यांच्याच घामावर. तरीही या स्वयंसेवी गटांकडे एक मागणी करावीशी वाटते. जुने युद्ध पुन्हा उभे करणे म्हणजे त्यातली हाणामारी उभी करणे, एवढाच अर्थ आपण धरून बसलो आहोत. फौजेच्या आयुष्यात हाणामारीचे दिवस मोजके. बाकीचे सारे दिवस चालण्यात, मुक्कामात आणि चारा शोधण्यात जात. गटांचे संशोधन त्या दिवसांकडे वळायला हवे, आणि त्यासाठी जनावरांच्या बाजाराच्या काष्टीसारखी जागा शोधून सापडणार नाही.

काष्टीच्याच श्रीगोंदा तालुक्यातले पेडगाव घ्या. भीमेकाठचा तिथला बहादूरगड म्हणजे औरंगजेबाचा दूधभाऊ बहादूरखान कोकलताश याची मोठी छावणी. राज्याभिषेकानंतर महिनाभराने, जुलै 1674 मध्ये, मराठ्यांच्या दोन हजार स्वारांनी खानाला हूल देऊन छावणीपासून लांब ओढत नेले, आणि मागे सात हजारांनी छावणी लुटली. एक कोटीचा ऐवज आणि दोनशे उमदे घोडे हाती लागल्याचे सांगतात. ही गोष्ट आपण खानाच्या फजितीसाठी सांगतो आणि हसून मोकळे होतो. पण आषाढात फौजा छावणीत बसायच्या, मोहिमा दसऱ्याला निघायच्या. मग ऐन पावसाळ्यात, तेही पर्जन्यछायेच्या मुलखात, सात हजार घोड्यांनी खाल्ले काय? लहान चणीच्या देशी घोड्याला दिवसाला सहा किलो सुका चारा-दाणा धरला, तरी बेचाळीस हजार किलो होतात. लदनीच्या बैलाच्या पाठीवर एकशेवीस किलोची गोणी मावते असे मानले तर एका दिवसाच्या खुराकाला साडेतीनशे बैल लागतील. हिशेब ढोबळ आहे, पण तो मांडला की कळते, एवढे बैल बरोबर घेऊन हूल देता येत नाही. म्हणजे चारा वाटेतल्या गावांतून आला, आधी कुठे साठवला होता, किंवा फौज फार थोडे दिवस बाहेर होती. यातले खरे कोणते, हा संशोधनाचा प्रश्न. तलवार कितीही फिरवली तरी तो सुटायचा नाही.

मराठी फौज सडी होती, तिला बाडबिस्तरा नव्हताच, असा आक्षेप इथे येईल. आक्षेपात तथ्य आहे. पण सडेपणा म्हणजे पोट नसणे नव्हे, ओझे दुसऱ्या कुणाच्या तरी पाठीवर असणे. शिवाजी महाराजांचे चिपळूणकडच्या छावणीला उद्देशून लिहिलेले पत्र वाचावे. त्यात लढाईचे नावही नाही. दाणा-वैरण जपून वापरा, नाहीतर पावसाळ्यात घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरात हात घालाल, अशी ताकीद आहे. जळती वात उंदराने नेली तर गवताची गंजी पेटेल, इथवर काळजी आहे. हे जमले नाही तेव्हा काय झाले, ते पानिपतने दाखवले. 14 जानेवारी 1761 ला भाऊसाहेब बाहेर पडले ते रसद तुटून उपासमार झाल्यावर. काष्टीच्याच जिल्ह्यातल्या खर्ड्यालाही मार्च 1795 मध्ये निजाम कोटात कोंडला गेला आणि तहाला आला. 1803 च्या ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला घेणाऱ्या इंग्रज सेनापती वेलस्लीच्या पत्रव्यवहारात तोफांइतकीच बैलांची चिंता आहे.

परदेशात हे काम गांभीर्याने झाले आहे. जर्मन इतिहासकार मार्कुस युंकेलमान 1985 मध्ये मोजक्या साथीदारांसह रोमन शिपायाचे सगळे ओझे पाठीवर घेऊन आल्प्स ओलांडून चालत गेला. अशा चालीत कोणता पट्टा खांदा सोलतो आणि जात्यावर पीठ दळायला किती वेळ जातो हे अंगावर कळते, ग्रंथात वाचून कळत नाही. आपल्याकडे तर त्याहून सोपे आहे. काष्टीच्या जनावरांच्या बाजारात दात बघून बैलाचे वय सांगणारे, पत्र्या मारणारे, कोणता बैल किती ओढेल ते चालीवरून ओळखणारे लोक आजही आहेत. हे ज्ञान दफ्तरखान्यात मिळणार नाही आणि ते टिकेल याची हमीही नाही. ट्रॅक्टर आल्यापासून लदनीची माहिती आजोबांच्या पिढीपाशीच उरली आहे.

लोक तलवार बघायलाच येतात, चारा मोजायला कोण येणार, असा दुसरा आक्षेप आहे. गर्दी येणार नाही, मान्य. गर्दीसाठी मिरवणूक आहेच. पण अशी चाल बैलांसह करायची तर जनावरांना त्रास होईल, ही शंका सहज झटकण्यासारखी नाही. तेव्हा ओझे हलके, मुक्काम जवळचे आणि पशुवैद्य सोबत, याला तडजोड नको. आणखी एक गोष्ट बजावून सांगायची. 1689 मध्ये संभाजीराजांना कैद करून पेडगावी आणले, त्यांची विटंबना झाली. तो प्रसंग कुणी पुरावा हाती घेऊनसुद्धा उभा करू नये. काही गोष्टी कागदावरच वाचायच्या असतात.

सुरुवात लहान असावी. काष्टीहून पेडगावपर्यंत दोन बैल, चार गोण्या, जुन्या बेताची शिदोरी. सोबत एक वही. किती कोस झाले, पाणी कुठे मिळाले, बैल कुठे बसला, दाणा किती संपला, एवढेच तिच्यात लिहायचे. पेडगावला पोहोचल्यावर पाणी उपसण्याच्या जुन्या हत्तीमोटेपाशी थांबून छावणीला पाणी कसे पुरवले जात असेल, याचा हिशेब त्याच वहीच्या पुढच्या पानावर सुरू करता येईल.