अर्ज वहिनींचा, सहीही वहिनींचीच

प्रभागांची सोडत निघते, ‘महिला राखीव’ अशी चिठ्ठी येते आणि संध्याकाळपर्यंत घरी निरोप येतो, “वहिनींचा फॉर्म भरून टाका!” २०११ पासून आपल्या राज्यात पालिका-पंचायतींच्या निम्म्या जागा बायकांसाठी आहेत. तेव्हा हा निरोप संगमनेरपासून पाथर्डीपर्यंत कुणाच्याही दारी येईल. मैत्रिणींनो, तो आला तर घाबरू नका. पण कोऱ्या कागदावर सही मात्र करू नका.

गाडी अडते ती नावापाशी. मतदार यादीत आपण सासरच्या नावाने असतो. जात मात्र लग्नाने बदलत नाही. त्यामुळे जागा मागासवर्गीय महिलेसाठी असेल, तर जातीचा दाखला माहेरचाच लागतो. सासर पाथर्डीला आणि माहेर बीडकडे असले, की वडील-आजोबांच्या शाळेचे दाखले शोधत तिकडच्या प्रांत कचेरीच्या पायऱ्या झिजवणे आले. शिवाय दोन्ही नावांची बाई एकच, हे दाखवायला लग्नाचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद हवी. मग जात पडताळणी! वैधता प्रमाणपत्र हाती नसेल तर पडताळणीसाठी अर्ज केल्याचा पुरावा जोडून मुदत मिळते. ती चुकली तर जिंकलेली जागाही जाते. ऑगस्ट २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत बंधनकारक ठरवली, तेव्हा कोल्हापूरच्या नगरसेवकांना फटका बसला होता. म्हणून सोडतीची वाट न बघता ही कागदपत्रे आधीच काढून ठेवावीत.

बाकीचे त्या मानाने सोपे. वय २१ पूर्ण, घरपट्टी भरलेली, घरात शौचालय. शपथपत्रात यजमानांची मालमत्ता आणि कर्जेही लिहायची असतात. (एरवी “तुला काय करायचंय?” म्हणणारे त्या दिवशी निमूट सांगतात!) रकाना कोरा नको, काही नसेल तर ‘निरंक’ लिहा.

अर्ज दिला म्हणजे झाले, असे नाही. पुढे छाननी, मग माघारीची मुदत. विधानसभेलाही हाच क्रम. २०२४ मध्ये श्रीगोंद्यात भाजपच्या पहिल्या यादीत प्रतिभा पाचपुते यांचे नाव होते. त्यांनी माघार घेतली आणि त्यांचे चिरंजीव विक्रम निवडून आले. तो त्यांचा निर्णय. आपण लक्षात ठेवायचे ते असे, की माघारीच्या कागदावर सही उमेदवाराची लागते आणि एकदा दिलेली माघार परत घेता येत नाही. “आधी सही कर, नंतर सांगतो” असे कुणी म्हटले, तर आधी वाचा, मग बघू म्हणा.

खर्च दुधाच्या वहीसारखा रोजच्या रोज लिहावा. निकालानंतर तीस दिवसांत हिशेब द्यायचा, हरलेल्यांनीसुद्धा. नाही दिला तर पुढची काही वर्षे उभे राहायला बंदी येऊ शकते, आणि नोटीस उमेदवाराच्या नावाने येते, फॉर्म भरून देणाऱ्या भावजींच्या नाही. हिशेब दिल्याची पोच घ्या आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवून द्या.