मोकळा सोडलेला ससा

संपादक महाशय यांस,

आपल्या गेल्या रविवारच्या अंकात एका वाचकबंधूंनी, घरी पाळलेला ससा सांभाळणे अशक्य झाल्यामुळे आपण तो वेताळ टेकडीवर नेऊन निसर्गाच्या स्वाधीन केला, असे लिहून इतरांसही तोच मार्ग सुचविला आहे. त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता, उलट पिंजऱ्यातील जिवास मुक्त केल्याचे समाधान होते, हे त्यांच्या लिहिण्यावरून स्पष्ट दिसते. आणि म्हणूनच त्यांच्या सूचनेचा प्रतिवाद करणे मला अगत्याचे वाटते, कारण गेल्या नऊ वर्षांत टाकून दिलेले जे ससे माझ्या घरी आले, त्यांपैकी बहुतेक अशाच सद्हेतूचे बळी होते.

या गैरसमजाचे मूळ काही अंशी आपल्या भाषेत आहे. मराठीत दोन अगदी भिन्न प्राण्यांस आपण ससा हे एकच नाव देतो. आपल्या माळरानावरचा काळ्या मानेचा, तपकिरी ससा बीळ खणीत नाही. तो गवतातल्या खळग्यात अंग चोरून बसतो, आणि त्याची पिले जन्मतःच केसाळ व डोळे उघडलेली असतात. बाजारात मिळणारा पांढरा किंवा ठिपक्यांचा ससा हा युरोपातील बिळवासी सशाचा, शेकडो वर्षे माणसाच्या आश्रयाने वाढलेला वंशज असून, त्याची पिले आंधळी व उघडी जन्मतात. या दोहोंचा संकरही होऊ शकत नाही. पहिल्यास १९७२च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे व त्यास घरात ठेवता येत नाही. दुसऱ्यास रानच ठाऊक नाही. तेव्हा त्यास टेकडीवर सोडणे म्हणजे स्वगृही पाठविणे नव्हे, तर परमुलखात निःशस्त्र सोडून देणे होय. त्याचा शुभ्र रंग घारीला दुरून दिसतो. मुंगूस आणि मोकाट कुत्री यांच्यापासून लपावे कोठे, हे त्यास कोणी शिकविलेले नसते. आणि एप्रिल-मेच्या उन्हात, कानांवाटे अंगातील उष्णता बाहेर टाकणाऱ्या या प्राण्यास उष्माघात होण्यास फारसा वेळ लागत नाही.

ऑस्ट्रेलियात सशांनी मुलूख व्यापला, मग येथे ते का जगणार नाहीत, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. त्याचा खुलासा इतिहासातच आहे. त्या खंडात १७८८ पासून पाळीव ससे जहाजांतून नेले जात होते, परंतु त्यांचा देशभर फैलाव झाला नाही. तो झाला १८५९ साली थॉमस ऑस्टिन याने इंग्लंडहून मागविलेल्या सशांपासून, ज्यांच्या अंगी रानटी सशांचे रक्त होते. आपल्या बाजारातील ससा मात्र त्या आधीच्या पाळीव सशांसारखाच.

मग सांभाळणे अशक्य झालेल्या सशाचे करावे काय? मुंबईत १८३४ साली जमशेटजी जीजीभाई प्रभृतींनी पांजरपोळ स्थापिला, तेव्हापासून निराश्रित जनावरांची तजवीज करण्याची उज्ज्वल परंपरा आपल्याकडे आहे. पण ससा पांजरपोळात टिकणे कठीण. शेजारच्या कुत्र्यांच्या भुंकण्याने तो भेदरतो आणि अन्न सोडतो, आणि सशाने दहा-बारा तास काही न खाणे म्हणजे आतड्यांची गती मंदावून जिवावरचे संकट ओढवणे होय. त्यास घरच हवे. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, ज्यांना ससा हवा आहे त्यांनी तो विकत न घेता टाकून दिलेला घ्यावा, आणि प्रथम मुदतीने, पंधरा दिवस वा महिनाभर सांभाळून, मगच दत्तक घेण्याचा निर्णय करावा.

या मुदतीत पुष्कळ गोष्टी कळतात. ससा हा भक्ष्य होणारा प्राणी असल्यामुळे तो दुखणे लपवितो. पाठ कुबडी करून, दात करकर वाजवीत कोपऱ्यात बसला की काही बिनसले आहे, हे ओळखण्यास नजर तयार व्हावी लागते. मुलांनी त्यास उचलून घेणे धोक्याचे, कारण मागच्या पायांच्या एका जोरदार झटक्याने त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. त्याच्याशी मैत्री करायची ती जमिनीवर बसून. गाजर हे त्याचे अन्न, हा समज चित्रांनी पसरविला. त्याचे खरे अन्न गवत. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात व ते झिजविण्याचे काम चिवट गवतच करते. औषध न फवारलेली हरळी त्यास अमृतासारखी; लसूणघास मात्र वाढत्या पिलांपुरता ठीक, कारण त्यातील जादा चुन्याने प्रौढ सशाच्या मूत्रमार्गात खडे होण्याचा संभव असतो. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरतात, म्हणून जुनी सतरंजी अंथरावी, आणि विजेच्या तारा उचलून ठेवाव्यात, कारण त्या तो कुरतडणारच.

घरी आलेले ससे दत्तक देताना आम्ही इतक्या अटी का घालतो, अशी तक्रार मी ऐकते. कारण ससा आठ-दहा वर्षे जगतो, आणि नरमादी एकत्र राहिली तर महिन्याभरात पिले होतात व विण्याच्या दिवशीच मादीस पुन्हा गर्भ राहू शकतो. शस्त्रक्रिया न झालेल्या मादीस वयाबरोबर गर्भाशयाच्या कर्करोगाचे भय वाढते, तेही निराळेच. शिवाय कायद्यावरही विसंबता येत नाही. प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा १९६०चा. अन्नपाण्यावाचून हाल होतील अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा त्यात गुन्हा ठरविला आहे, पण पहिल्या गुन्ह्यास दंड मुक्रर केला तो दहा ते पन्नास रुपये. इतक्या दंडाच्या धाकाने कोणी थांबणार नाही, म्हणून आमचा करारनामाच कडक ठेवावा लागतो.

शेवटी एक विनंती. त्या वाचकबंधूंनी ससा टेकडीच्या कोणत्या अंगास व कोणत्या दिवशी सोडला, हे कृपया आपल्या कार्यालयास कळवावे व आपण ते मला कळवावे. असा ससा पुष्कळदा सोडल्या जागेच्या आसपासच एखाद्या झुडपाखाली बसून राहतो आणि पहाटे व तिन्हीसांजेस बाहेर येतो. हे काम करणाऱ्या आम्ही दोघीजणी टोपली आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन त्या वेळी जाण्यास तयार आहोत. कृपया विलंब करू नये.

आपली,
एक वाचक,
कोथरूड, पुणे