सामू ठीक, म्हणजे पाणी ठीक?

कारखान्याचे सांडपाणी कसे आहे, असे विचारले की बहुतेक वेळा पहिला आकडा सामूचा, म्हणजे पीएचचा सांगितला जातो. तो मोजायला सोपा. कागदाची पट्टी बुडवली की रंग दिसतो. नियमाप्रमाणे सामू ५.५ ते ९ च्या दरम्यान हवा. तेवढ्यात बसला की ऐकणाराही निश्चिंत होतो. बोईसर-तारापूरसारख्या रसायनांच्या पट्ट्यात ही निश्चिंती महागात पडू शकते.

रंग आणि औषधे बनवताना लागणारे ॲनिलिन पाहा. ते अमोनियाच्या कुळातले. या कुळातल्या संयुगांत नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते. तिच्या जोरावर नायट्रोजन पाण्यातला प्रोटॉन ओढून घेतो आणि पाणी अल्कधर्मी होते. ॲनिलिनमध्ये मात्र नायट्रोजनला लागूनच बेंझिनचे वलय असते. मोकळी जोडी एका जागी न राहता या वलयात पसरते. यालाच इलेक्ट्रॉनांचे विस्थानीकरण म्हणतात. पसरलेली जोडी प्रोटॉनच्या हाती सहज लागत नाही. सायक्लोहेक्झिल अमाइनमध्येही सहा कार्बनचेच वलय असते, पण तिथे जोडीला पसरायला वाव नसतो. म्हणून ते ॲनिलिनच्या सुमारे १० लाख पट प्रबळ आम्लारी आहे.

याचा व्यवहारातला अर्थ गंभीर आहे. एक लिटर शुद्ध पाण्यात ९ ग्रॅम ॲनिलिन विरघळवले तरी सामू ८.८ च्या आसपासच राहतो, म्हणजे मर्यादेच्या आत! सायक्लोहेक्झिल अमाइन तेवढेच घातले, तर तो साडेअकराच्या वर जातो आणि चोरी लगेच पकडली जाते.

दुबळा आम्लारी म्हणजे निरुपद्रवी पदार्थ नव्हे. प्रोटॉन न घेतल्याने ॲनिलिनच्या रेणूवर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो कातडीतूनही शरीरात शिरतो. पुढे रक्तातल्या हिमोग्लोबिनचे रूप बदलते, ते ऑक्सिजन वाहू शकत नाही. ओठ, नखे निळसर पडतात, डोके दुखते, धाप लागते. अशा कामगाराचे भिजलेले कपडे ताबडतोब काढून अंग धुवायला हवे आणि त्याला रुग्णालयात न्यायला हवे. तिथे मिथिलीन ब्लूचा उपचार करता येतो.

तारापूरच्या सांडपाण्याने खाडी आणि मासेमारी बिघडल्याचे गाऱ्हाणे २०१६ पासून राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले. ते नेणारी अखिल भारतीय मांगेला समाज परिषद होती. मासळीवर जगणाऱ्यांना केवळ सामूचा आकडा दाखवणे पुरेसे नाही. सेंद्रिय भार सांगणारी सीओडी चाचणी नियमांत आहे. पाणी न मिसळलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जगले पाहिजेत, ही कसोटीही आहे. हे दोन्ही निकाल सामूच्या शेजारीच, मराठीत, कारखान्याच्या फाटकावर आणि किनाऱ्यावरच्या गावांत लावले जावेत. सामू ही पहिली चाचणी आहे, शेवटची नव्हे.