दुबईची वाट आणि घरचा डबा

सोलापूर जिल्ह्यातील केळी आणि डाळिंबे आखाती देशांच्या बाजारपेठेत जातात, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. मालाच्या मागोमाग माणसेही निघाली आहेत. कोणी व्यापारी प्रदर्शनासाठी, कोणी लेकीच्या बाळंतपणासाठी, तर कोणी केवळ सहकुटुंब पर्यटनासाठी दुबईला जातो. श्रीपूर-अकलूज भागातील कुटुंबांना पुण्याहून वा मुंबईहून विमान मिळते आणि अवघ्या तीन-साडेतीन तासांत दुसरा देश येतो. हा प्रवास इतका सोपा झाल्यामुळेच दहिगावच्या यात्रेस निघावे तशी तयारी करून मंडळी दुबईला निघतात. चूक नेमकी तेथे होते. क्षेत्रावर जाताना डब्यात काय आहे, हे कोणी विचारीत नाही. दुबईच्या विमानतळावर मात्र ते विचारले जाते, आणि उत्तर चुकले तर सद्‌हेतूचे स्पष्टीकरण अधिकाऱ्यापुढे, प्रसंगी न्यायालयापुढे, देत बसावे लागते. म्हणून डबा, औषधांची पिशवी, दागिन्यांची पेटी आणि पैशाचे पाकीट या चार गोष्टी तेथील अधिकाऱ्याने उघडण्यापूर्वी घरातच उघडून पाहाव्यात.

त्याही आधी पासपोर्ट पाहावा. त्याची मुदत प्रवासाच्या दिवसापासून किमान सहा महिने शिल्लक असली पाहिजे. जुन्या पिढीतील काही ज्येष्ठांच्या, विशेषतः महिलांच्या, पासपोर्टवर नाव एकाच शब्दात असते आणि आडनावाचा रकाना कोरा असतो. नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीने अशा एकनामी पासपोर्टधारकांना पर्यटन व्हिसावर प्रवेश देणे बंद केले. पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे अथवा कुटुंबाचे नाव असल्यास ते ग्राह्य धरू, असा खुलासा पुढे झाला. तरीही तिकीट काढण्यापूर्वी विमान कंपनीकडून खातरजमा करून घ्यावी. व्हिसा साधारणतः विमान कंपनी, हॉटेल किंवा प्रवासी संस्थेमार्फत मिळतो. परतीचे तिकीट, निवासाचा पुरावा आणि खर्चाची तरतूद यांची कागदपत्रे हाताशी ठेवावीत. मुदतीनंतर राहिल्यास प्रत्येक दिवसाचा दंड पडतो. पर्यटन व्हिसावर नोकरी किंवा कोणाच्या दुकानात ‘थोडी मदत’ करणेही तेथे गुन्हा ठरते. ज्यांचा दुबईत व्यवहार आहे आणि एखादी येणी-देणी न्यायालयात गेलेली आहे, त्यांनी आपल्यावर प्रवासबंदी नाही ना, हे वकिलामार्फत आधी पाहून घ्यावे. अन्यथा जाणे सुखरूप होते आणि परतताना विमानतळावर अडकून पडावे लागते.

आता डबा. आपल्या घरांतून परदेशी निघालेल्या माणसाबरोबर फराळ जातोच, आणि कंदमूळत्याग पाळणाऱ्यांसाठी तो आवश्यकही असतो. परंतु खसखस संयुक्त अरब अमिरातीत निषिद्ध आहे. ती अफूच्या बोंडातील बी असल्याने तेथील कायदा तिला मसाल्याचा पदार्थ मानीत नाही. आपल्याकडे हीच खसखस अनारशांवर लावतात, करंजीच्या सारणात भाजून घालतात, डिंकाच्या लाडवांत टाकतात आणि अनेक घरांच्या मसाल्यांतही कुटतात. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू घेऊन निघालेल्या आजीच्या मनात काहीही वावगे नसते. तरीही लाडू वळतानाच खसखस वगळणे हाच तिच्यासाठी सुरक्षित मार्ग होय. विकतचा मसाला नेताना वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी. विड्याची पानेही निषिद्ध वस्तूंत मोडतात. पूजेच्या साहित्यात ती सहज राहून जातात, म्हणून ते साहित्यही एकदा तपासावे.

मग न्यावे तरी काय? उत्तर सोलापूरकरांच्या घरातच आहे. कडक भाकरी कोरडी असते आणि दीर्घकाळ टिकते. लसूण न घातलेली शेंगांची चटणी, मेतकूट, भाजलेले पोहे, खाकरे, खसखस नसलेला बेसनाचा लाडू एवढ्यावर आठवडा निभावतो. विमानातील जेवणासाठी ‘जैन शाकाहारी जेवण’ ही स्वतंत्र नोंद असते. ती किमान २४ तास आधी करावी लागते. केवळ ‘शाकाहारी’ असे सांगितल्यास कांदा, लसूण, बटाटा हे सर्व ताटात येऊ शकते. कमी भाड्याच्या विमानांत जेवण विकत घ्यावे लागते आणि जैन पदार्थ मिळेलच असे नाही, म्हणून हातातल्या पिशवीत कोरडा खाऊ असावा. शहरात पोहोचल्यावर बर दुबई व करामा या भागांत शाकाहारी उपाहारगृहे आहेत, आणि अनेक ठिकाणी जैन पद्धतीने पदार्थ करून देतात. मागणी नोंदवताना तसे स्पष्ट सांगावे.

रात्रीभोजनत्याग असणाऱ्यांनी घड्याळाचा हिशेब नीट लावावा. दुबईची वेळ भारतापेक्षा दीड तासाने मागे आहे. हिवाळ्यात तेथे संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सूर्यास्त होतो, म्हणजे पर्यटनाचे कार्यक्रम रंगात येण्याच्या आधीच. वाळवंटातील सफरीचे जेवण बहुधा सूर्यास्तानंतर वाढले जाते. तेव्हा त्या दिवशीचे भोजन हॉटेलवरूनच आटोपून निघावे किंवा डबा बरोबर ठेवावा. उकळलेले पाणी घेणाऱ्यांनी खोलीत विजेची किटली आहे का, हे आरक्षणाच्या वेळीच विचारावे. मेट्रोत खाणे-पिणे निषिद्ध असून त्यासाठी १०० दिरहम दंड आहे.

तिसरी तपासणी औषधांची. येथे डॉक्टर सहजपणे लिहून देतात अशी काही औषधे तेथे नियंत्रित यादीत आहेत. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध, ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी, झोपेसाठी वा चिंतेसाठी दिली जाणारी अल्प्राझोलाम, डायझेपाम ही त्यांतील ठळक नावे. ज्यांना अशी औषधे सोडता येत नाहीत, त्यांनी अमिरातीच्या सरकारची ऑनलाइन पूर्वपरवानगी घ्यावी. मधुमेह व रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्यांसाठीही इंग्रजीतील सही-शिक्क्याची चिठ्ठी ठेवावी, तीवरील नाव पासपोर्टप्रमाणेच असावे आणि गोळ्या मूळ वेष्टनातच न्याव्यात. आयुर्वेदिक चूर्णात ‘विजया’ हा शब्द आढळल्यास ते घरीच ठेवावे; विजया म्हणजे भांग.

याच ठिकाणी शेजारधर्माचा प्रश्न येतो. दुबईला निघाल्याचे कळताच कोणीतरी मुलासाठी पुडके आणून देतो आणि नाही म्हणणे जड जाते. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. येथे ती त्याहून महाग पडू शकते, कारण पिशवीतील प्रत्येक वस्तूची जबाबदारी ती वाहणाऱ्यावर असते. दुसऱ्याची वस्तू न्यायचीच असेल तर ती त्याच्यासमोर उघडून, पाहून, पुन्हा बांधावी. उघडू देण्यास जो नाराज होईल, त्याचे पुडके घेऊ नये. ज्याला नाते टिकवायचे आहे, तो या तपासणीने दुखावत नाही.

दागिन्यांच्या बाबतीत जाताना आणि येताना, दोन्ही वेळा सावधानता हवी. अंगावर मौल्यवान दागिने घालून जाणाऱ्या महिलांनी निघतेवेळीच भारतीय विमानतळावरील सीमाशुल्क कार्यालयातून त्यांचे निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे. त्यामुळे परतताना ‘हे दागिने घरचेच’ हे सिद्ध करण्याची वेळ येत नाही. दुबईहून सोने आणण्याचा मोह मात्र हिशेबाच्या कसोटीवर तपासावा. पुरुषांना २० ग्रॅम आणि महिलांना ४० ग्रॅम दागिन्यांची जी शुल्कमुक्त सवलत सांगितली जाते, ती एक वर्षाहून अधिक काळ परदेशात राहिलेल्यांसाठी आहे. आठवड्याभराच्या पर्यटकाला ती लागू होत नाही. नाणी व बिस्किटे यांना तर प्रवाशाच्या सामान्य सवलतीतही स्थान नाही. शिवाय जुलै २०२४ मध्ये भारताने सोन्यावरील आयातशुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणले, तेव्हा दोन्ही बाजारांतील भावाचा फरकही आक्रसला. घेतलेच तर पावती जपावी, लाल मार्गाने जावे आणि शुल्क भरावे. लपवून आणलेले सोने जप्त होते आणि नावलौकिकही जातो. व्यापारी घराण्याला दुसरे नुकसान अधिक मोठे.

राहता राहिले पैशाचे पाकीट. एके काळी दुबईच्या बाजारात भारतीय रुपयाच चालत असे. सोन्याची तस्करी रोखण्यासाठी रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या आणि १९६६ च्या अवमूल्यनानंतर दुबईने त्याही सोडल्या. १९७३ पासून तेथे दिरहम आहे, आणि त्याचा दर एका अमेरिकी डॉलरला सुमारे ३.६७ असा स्थिर बांधलेला आहे. निवासी भारतीयास एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत परकीय चलन मिळू शकते. त्यापैकी रोख नोटा एका प्रवासासाठी ३,००० डॉलरपर्यंत घेता येतात. उरलेले कार्डात भरावे आणि कार्ड दिरहमचेच घ्यावे, म्हणजे दोनदा चलनबदल होत नाही. दुकानदाराने ‘रुपयांत आकारू का’ असे विचारल्यास नकार द्यावा. त्या सोयीत दर महाग लागतो. भारतीय नोटा २५,००० रुपयांपर्यंतच नेता-आणता येतात. वर्षाला १० लाख रुपयांहून अधिक रक्कम परदेशी पाठविल्यास अथवा सहलीचे एकत्रित पॅकेज घेतल्यास उगमस्थानी कर गोळा होतो. त्याचा चालू दर विचारून घ्यावा आणि प्रमाणपत्र जपावे, कारण ती रक्कम विवरणपत्रात वळती करता येते. तो खर्च नव्हे, आगाऊ भरलेला कर होय. उरलेले चलन परतल्यावर १८० दिवसांत बँकेस द्यावे. २,००० डॉलरपर्यंत जवळ ठेवण्याची मुभा आहे.

शेवटी दोन लहान सूचना. दुबईत व्हॉट्सॲपवरून संदेश जातात, पण त्यावरून बोलणे सहसा होत नाही. घरच्यांना हे आधी सांगून ठेवावे, म्हणजे फोन लागला नाही म्हणून रात्रभर काळजी होणार नाही. पोलिसांचा क्रमांक ९९९ आणि रुग्णवाहिकेचा ९९८ हे दोन्ही कागदावर लिहून ज्येष्ठांच्या खिशात ठेवावेत. भारताचा दूतावास अबुधाबीत आणि महावाणिज्य दूतावास दुबईत आहे. त्यांचे पत्तेही त्याच कागदावर असावेत.

निघण्याच्या आदल्या रात्री नव्हे, तर किमान आठ दिवस आधी घरातील सर्वांनी एकत्र बसून या चारही गोष्टी तपासाव्यात. जे काम घरी अर्ध्या तासात होते, त्यासाठी परक्या देशात दिवस मोजावे लागू नयेत.