एसटीचा पगार वाढतो, पेन्शन का वाढत नाही?



एसटी कर्मचाऱ्यांच्या मागण्यांचा विषय निघाला की एक ठरलेला शेरा कानावर येतो : ‘महामंडळच तोट्यात, आणखी द्यायचे कुठून?’ जून 2025 मध्ये परिवहनमंत्र्यांनी मांडलेल्या श्वेतपत्रिकेत संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर दाखवला गेला, तेव्हापासून हा शेरा आकड्यासकट मारला जातो. निवृत्त चालक-वाहकाच्या हाती दरमहा किती पडते, हा आकडा मात्र सहसा कोणी विचारत नाही.

एसटीचे कर्मचारी 16 नोव्हेंबर 1995 पासून लागू झालेल्या ‘ईपीएस-95’ या पेन्शन योजनेत येतात. तिचे सूत्र असे : पेन्शनपात्र पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि 70 ने भागायचे. मेख आहे ती पगाराच्या कमाल मर्यादेत. सप्टेंबर 2014 पूर्वीच्या सेवेसाठी जास्तीत जास्त 6500 रुपये आणि त्यानंतरच्या सेवेसाठी 15 हजार रुपये पगार धरला जातो, मग प्रत्यक्ष मूळ वेतन कितीही असो. जानेवारी 1996 मध्ये लागलेला आणि 2025 अखेर निवृत्त झालेला वाहक घ्या. दीर्घ सेवेबद्दल मिळणारी दोन वर्षांची वाढ धरूनही त्याची पेन्शन साडेचार हजारांच्या घरातच राहते. तिला महागाई भत्ता जोडलेला नाही, म्हणजे वयाच्या ऐंशीव्या वर्षीही आकडा तोच. त्याच महिन्यात रेल्वेत लागलेल्या माणसाचे शेवटचे मूळ वेतन 50 हजार असेल, तर त्याला 25 हजार आणि वर महागाई भत्ता मिळतो. दोघेही सरकारी मालकीच्या सेवेत राबले, दोघांनीही रात्रपाळ्या केल्या आणि सण घराबाहेर काढले.

हा फरक केवळ केंद्र आणि राज्य यांच्या तिजोरीचा आहे, असे मला वाटत नाही. त्यामागे प्रतिनिधित्वाचा प्रश्न आहे. रेल्वेत 1952 पासून कामगार संघटना आणि प्रशासन यांच्यात वाटाघाटींची कायमस्वरूपी यंत्रणा आहे; भविष्यनिर्वाह निधीऐवजी पेन्शन 1957 मध्ये आली. मे 1974 चा संप सरकारने चिरडला, तरी ती यंत्रणा टिकली. कोणत्या संघटनेला मान्यता द्यायची, हे 2007 पासून गुप्त मतदानाने ठरते. डिसेंबर 2024 मध्येही तसे मतदान झाले. जानेवारी 2004 नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली, तेव्हा दाद मागायला ओळखीचे दार होते. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने ‘एकीकृत पेन्शन योजना’ मंजूर केली. तिच्यावर अनेक रेल्वे कामगार आजही नाराज आहेत, पण दहा वर्षांच्या सेवेला किमान दहा हजारांची हमी तिने दिली. ‘ईपीएस’ची किमान पेन्शन 2014 पासून एक हजार रुपये आहे.

एसटीत काय झाले? ऑक्टोबर 2021 अखेर सुरू झालेला संप एप्रिल 2022 पर्यंत चालला. मागणी होती महामंडळाच्या राज्य शासनात विलीनीकरणाची, आणि तिच्या पोटात मुख्यतः पेन्शनच होती. या मागणीसाठी नेमलेल्या त्रिसदस्यीय समितीने विलीनीकरण फेटाळले आणि अखेर उच्च न्यायालयाने दिलेल्या मुदतीत कर्मचारी कामावर परतले. मधल्या काळात सरकार ज्या संघटनांशी बोलत होते, त्यांचे आवाहन डेपोतले कर्मचारी ऐकत नव्हते; आणि कर्मचारी ज्यांचे ऐकत होते, त्यांना वाटाघाटीचा अधिकार नव्हता. राज्याच्या 1971 च्या कायद्याने मान्यतेसाठी किमान 30 टक्के सभासदत्वाची अट घातली, पण सभासदत्व पावत्यांवरून मोजले जाते. डझनावारी संघटनांच्या गर्दीत फाडलेली पावती म्हणजे विश्वासाचे मत नव्हे.

सप्टेंबर 2024 मध्ये दोन दिवसांच्या संपानंतर मूळ वेतनात साडेसहा हजारांची वाढ मिळाली. ती हक्काचीच होती. पण 15 हजारांच्या मर्यादेमुळे तिने सर्वसाधारण पेन्शनमध्ये एका रुपयाचीही भर घातली नाही. पगाराच्या वाटाघाटी मुंबईत होतात, पेन्शनची मर्यादा दिल्लीत ठरते, आणि या दोन्हींचा एकत्र विचार करणारे टेबलच अस्तित्वात नाही.

‘पीएफची एकरकमी रक्कम मिळतेच की’, असे यावर सांगितले जाते. ती घराच्या कर्जात, मुलांच्या शिक्षणात आणि लग्नकार्यात संपते. म्हणून तर पेन्शन ही वेगळी गोष्ट मानली गेली. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर 2022 च्या निकालानंतर प्रत्यक्ष पगारावर पेन्शन घेण्याचा पर्याय खुला झाला, पण ठरावीक मुदतीपुरता, आणि मागील वर्षांचा फरक व्याजासह भरण्याच्या अटीवर. आणि तोट्याचे म्हणाल, तर महिलांना निम्मे तिकीट, पंच्याहत्तरीपुढील ज्येष्ठांना मोफत प्रवास या योजना सरकार एसटीमार्फतच राबवते. सवलत देताना एसटी लोकसेवा असते. मग तिच्या कामगाराचे म्हातारपण ताळेबंदावर का तोलायचे?

इतर राज्यांकडे पाहा : आंध्र प्रदेशाने जानेवारी 2020 मध्ये आपल्या परिवहन कर्मचाऱ्यांना शासकीय सेवेत घेतले. तमिळनाडूने 1998 मध्ये परिवहन कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र पेन्शन निधी काढला, पण एप्रिल 2003 पासून लागलेल्यांना तो बंद केला. केरळमध्ये परिवहन महामंडळाची पेन्शन आहे, पण ती वेळेवर मिळावी म्हणून निवृत्तांना वारंवार झगडावे लागले. महाराष्ट्राने यातून दोन धडे घ्यावेत : विलीनीकरणाखेरीजही मार्ग आहेत, आणि पेन्शनचा पैसा रोजच्या गल्ल्यापासून वेगळा ठेवला नाही तर तो डिझेलमध्ये जळतो.

म्हणून माझी सूचना अशी. मान्यताप्राप्त संघटना ठरवण्यासाठी सर्व आगारांत ठरावीक मुदतीने गुप्त मतदान घ्यावे. भाडेतत्त्वावरील बसचे चालक कंत्राटदाराचे नोकर असले, तरी त्यांच्या पीएफ आणि पेन्शनचा प्रश्नही याच संघटनेने हाती घ्यावा. ‘ईपीएस’ला पूरक असा स्वतंत्र निधी उभारावा, त्यात महामंडळ आणि कर्मचारी दोघांनीही हप्ता भरावा, सवलतींपोटी सरकारकडून येणाऱ्या रकमेचा ठरावीक हिस्सा थेट त्यात वळता व्हावा आणि त्याच्या विश्वस्तांत निवडून आलेले कामगार असावेत. पगाराच्या पुढच्या करारात पेन्शनचे कलम नसेल, तर त्यावर सही करू नये, असे कर्मचाऱ्यांनी आपल्या नेत्यांना आतापासूनच बजावावे.

– एक वाचक, कऱ्हाड